दिपोटींची फेरी आणि मुलांचे वाचन

सन १८८२मध्ये हंटर साहेबांच्या अध्यक्षतेखाली हिंदुस्थानातील शिक्षणाची चौकशी करणारे कमिशन जेव्हा इलाख्या-इलाख्यांतून साक्षी-पुरावे गोळा करीत होते, तेव्हा पुण्याहून जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर रोजी त्याच्यापुढे एक निवेदन ठेवले. प्राथमिक शिक्षणाकडे सरकारचे झालेले दुर्लक्ष, शेतकऱ्याने भरलेल्या पैशातून वरिष्ठ वर्गाच्या शिक्षणावर होणारा खर्च, पंतोजींचे तुटपुंजे पगार, या त्यातील मुद्द्यांची चर्चा आजवर पुष्कळ झाली आहे. परंतु त्याच निवेदनात शाळा-तपासणीविषयी जी थोडी वाक्ये आहेत, त्यांच्याकडे अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमीच गेले. प्राथमिक शाळांवरील देखरेख सदोष व अपुरी आहे, डेप्युटी इन्स्पेक्टराने वर्षातून एकवार येऊन जाण्याने काही म्हणण्यासारखा लाभ होत नाही, शाळा निदान दर तीन महिन्यांनी तपासल्या पाहिजेत, आणि मधूनमधून कोणतीही आगाऊ सूचना न देता त्या पाहिल्या पाहिजेत, असा त्या वाक्यांचा आशय होता. गावचे व तालुक्याचे अंमलदार शाळा पाहतात खरे, पण त्यांच्यामागे दुसरी कामे इतकी की त्यांची परीक्षा वरवरचीच व्हायची, हेही फुल्यांनी तेथे नोंदवले आहे.

स्वतः शाळा काढून, पदरमोड करून आणि लोकनिंदा सोसून ज्याने मुलामुलींना अक्षरओळख करून दिली, त्याच्या लेखणीतून ही वाक्ये उतरली असल्यामुळे त्यांना विशेष वजन आहे. मुलाला वाचता येते की नाही, हे पाहावे कसे, ते कोणी पाहावे, आणि पाहिल्यानंतर त्याचे पुढे काय करावे, हे तीन प्रश्न महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासात दोनशे वर्षे निरनिराळ्या रूपांनी पुन्हा पुन्हा पुढे येत राहिले आहेत. त्यांना वेळोवेळी मिळालेल्या उत्तरांचा मागोवा घेतला असता असे दिसते की, ही परीक्षा मूळची अतिशय साधी आहे, आणि ती जेव्हा जेव्हा बिघडली तेव्हा तेव्हा तिच्या निकालावर मुलाखेरीज दुसऱ्या कोणाचे तरी हित अवलंबून ठेवल्यामुळेच बिघडली.

इंग्रजी अंमल दख्खनेत स्थिर होण्यापूर्वी गावोगावच्या पंतोजींच्या शाळांत तपासनीस नावाचा प्राणी नव्हता. लहान-मोठ्या बहुतेक गावांत निदान एक तरी शाळा आहे, असे मुंबई सरकारच्या कौन्सिलातील प्रेंडरगास्ट साहेबांनी १८२१मध्ये लिहून ठेवले. ते सर्वस्वी खरे मानले नाही, तरी शाळांची परंपरा जुनी व खोल रुजलेली होती यात शंका नाही. या शाळांत धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवणे, बाराखड्या घोकणे, पाढ्यांची उजळणी, पावकी-निमकी-दिडकी-औटकी, आणि मग मोडी अक्षराचे वळण असा क्रम असे. सायंकाळी सर्व मुले एका सुरात परवचा म्हणत, आणि ओटीवर बसलेला बाप तो ऐकून आपल्या मुलाचे कितपत पुढे गेले आहे हे समजून घेई. मुद्रित पुस्तक नव्हते; त्यामुळे आज आपण ज्याला वाचन म्हणतो, म्हणजे पूर्वी न पाहिलेला मजकूर समोर येताच त्याचा अर्थ लावणे, त्याचा अभ्यास या शाळांत पुस्तकावरून होत नसे. तो होई तो पत्रांवरून, खर्ड्यांवरून आणि जुन्या दप्तरातील कागदांवरून.

येथे मोडी लिपीचा एक विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. मोडी लिहिणारा आधी कागदावर आडवी रेघ ओढतो आणि मग तिच्याखाली हात न उचलता अक्षरे लिहीत जातो. शब्दाशब्दांत अंतर सोडत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाही, विरामचिन्हे घालत नाही. परिणामी शब्द कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला हे डोळ्यांना दिसत नाही. ते बुद्धीने ठरवावे लागते. कागद वसुलीचा आहे की वाटणीचा, लिहिणारा कोण, कोणाला लिहितो आहे, हे कळल्यावाचून ओळीची फोड होत नाही. बालबोध म्हणजे देवनागरी मजकूर अर्थाशिवाय केवळ उच्चारता येतो, मोडी कागद मात्र अर्थ लागल्याशिवाय वाचताच येत नाही. म्हणून ज्या मुलाने अनोळखी मोडी पत्र वाचून दाखवले, त्याला वाचता येते याविषयी कोणालाही निराळा दाखला लागत नसे. ही परीक्षा व्यवहाराने घेतलेली होती, आणि तिच्यात लबाडीला जागा नव्हती. तिचा दोष एवढाच, पण तो फार मोठा, की या शाळांची दारे बहुसंख्य रयतेच्या मुलांना, अस्पृश्य मानलेल्या जातींना आणि सर्व जातींच्या मुलींना जवळजवळ बंद होती.

१८२०नंतर मुंबईत शाळापुस्तके तयार करण्यासाठी जी मंडळी स्थापन झाली, आणि जिला पुढे बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी असे नाव मिळाले, तिने ही सारी परिस्थिती पालटून टाकली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली आणि सदाशिव काशिनाथ छत्रे यांच्यासारख्या विद्वानांच्या परिश्रमाने शिळाप्रेसवर मराठी पुस्तके छापून निघू लागली; छत्र्यांची ‘बाळमित्र’ आणि ‘इसपनीति’ ही दोन्ही १८२८च्या सुमाराची. मुलांच्या हाती प्रथमच असा मजकूर आला की जो पंतोजींच्या तोंडून ऐकलेला नव्हता. १८३१मध्ये मोल्सवर्थचा कोश सिद्ध झाला, आणि त्या कामातील सहकारी मेजर थॉमस कँडी यांनी १८५०मध्ये मराठीतील विरामचिन्हांची परिभाषा बांधून दिली. पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह यांची आज आपणास इतकी सवय झाली आहे की त्यांवाचून मराठी वाक्य कसे दिसत असेल याची कल्पनाही येत नाही. परंतु वाचनाच्या परीक्षेच्या दृष्टीने ही चिन्हे फार महत्त्वाची ठरली. कोठे थांबावे, कोठे आवाज चढवावा, हे आता कागदावर लिहिलेले होते, आणि मूल जर योग्य जागी थांबले तर त्याला अर्थ कळला असावा, असे अनुमान परीक्षकाला करता येऊ लागले.

त्या काळी परीक्षा हा जाहीर समारंभ असे. प्रतिष्ठित युरोपियन व हिंदी गृहस्थांसमोर मुले उभी राहत, वाचून दाखवीत, प्रश्नांची उत्तरे देत आणि बक्षिसे स्वीकारीत. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई यांनी १८४८पासून चालवलेल्या मुलींच्या शाळांच्या परीक्षाही अशाच जाहीर रीतीने होत, आणि त्या पाहण्यास लोकांची दाटी होत असे. मुलीला वाचता येऊ शकते हेच ज्या समाजाला अमान्य होते, त्या समाजासमोर एखादी आठ-दहा वर्षांची मुलगी पुस्तक हाती घेऊन न अडखळता वाचते आहे, हे दृश्य कोणत्याही वादविवादापेक्षा परिणामकारक होते. या शिक्षणकार्याबद्दल नोव्हेंबर १८५२मध्ये विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते फुल्यांना शालजोडी देऊन त्यांचा सत्कार झाला. जाहीर परीक्षेला प्रदर्शनाचे स्वरूप येते ही गोष्ट खरी असली, तरी त्या विशिष्ट काळी, त्या विशिष्ट मुलींच्या बाबतीत, ते प्रदर्शन हीच एक सामाजिक क्रांती होती.

१८५४च्या वुड साहेबांच्या खलित्यानंतर १८५५मध्ये मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षणखाते निघाले. वर डायरेक्टर, त्याच्या हाताखाली विभागाचे इन्स्पेक्टर, आणि त्यांच्या हाताखाली जिल्ह्याजिल्ह्यांतून हिंडणारे डेप्युटी इन्स्पेक्टर अशी उतरंड तयार झाली. खेड्यांतल्या लोकांनी या शेवटच्या अंमलदाराला ‘दिपोटी’ म्हणण्यास सुरुवात केली, आणि पुढे शंभर वर्षे मराठी मुलुखात मुलाच्या वाचनाची परीक्षा म्हणजे दिपोटींची परीक्षा, असे समीकरण होऊन बसले. १८६३च्या सुमारास जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंडाची पट्टी बसवण्यात आली आणि तिचा एक तृतीयांश शिक्षणाकडे वळवण्यात आला. त्यामुळे शाळांची संख्या वाढली, पण त्या मानाने तपासनिसांची संख्या मात्र वाढली नाही. एकेका दिपोटीकडे एवढ्या शाळा येत की पावसाळा सरून दिवाळी झाल्यावर ते जे फेरीला निघत, ते उन्हाळ्यापर्यंत घोड्यावर, छकड्यात, प्रसंगी पायी, मुक्काम बदलीत हिंडत राहत.

दिपोटी यावयाचे म्हटले की गावात त्याची वर्दी आठवडाभर आधी पोहोचलेली असे. शाळा देवळाच्या ओवरीत असो की चावडीत, भुई शेणाने सारवली जाई, भिंतींना गेरू-चुना लागे, नकाशा आणि तक्ते खुंटीवर चढत, हजेरीपटातील राहिलेल्या खुणा पुऱ्या होत. मुले धुतलेला सदरा आणि टोपी घालून येत. गावचा पाटील आणि कुळकर्णी एका बाजूस बसत. पट्टेवाला दाराशी उभा राही. दिपोटी बैठकीवर बसून पट मागवीत आणि इयत्तावार मुलांना पुढे बोलावीत. बिगारीच्या मुलाला अक्षरे ओळखावयास लावीत, पहिल्या इयत्तेच्या मुलाला जोडाक्षरे, त्यापुढच्या मुलाला क्रमिक पुस्तकातील धडा, वरच्या इयत्तांना बालबोधाबरोबर मोडीही. वाचन झाले की शब्दांचे अर्थ, मग कविता, मग पाटीवर शुद्धलेखन, मग हिशेब. प्रत्येक मुलाच्या नावापुढे विषयवार पास-नापासाची खूण पडे आणि दिवस मावळण्याच्या सुमारास शेरेबुकात दिपोटींचा शेरा उमटे. त्या चार-पाच ओळींवर मास्तरांची बढती, बदली आणि गावातील अब्रू तिन्ही अवलंबून असत.

या व्यवस्थेत पुष्कळ काही चांगले होते, हे आज तिच्यावर टीका करताना विसरता कामा नये. एक शिकलेला माणूस प्रत्येक मुलाला समोर उभे करून त्याच्या तोंडून वाचन ऐकत होता. लेखी परीक्षेत जे कधी समजत नाही ते, म्हणजे मूल कोठे अडखळते, कोणते अक्षर कोणत्या अक्षराशी घोटाळते, ओळ संपताच त्याची नजर पुढल्या ओळीवर नीट जाते की नाही, हे त्याला प्रत्यक्ष कळत होते. परंतु ज्या पुस्तकातून वाचावयाचे ते पुस्तक वर्षभर एकच असे. १८५७नंतरच्या काही वर्षांत कँडी यांच्या देखरेखीखाली तयार झालेली मराठी क्रमिक पुस्तके इलाखाभर चालू झाली, आणि एका इयत्तेस एक पुस्तक हा नेम झाला. तेच धडे दररोज मोठ्याने म्हणवून घेतल्यावर मुलाला ते न पाहता म्हणता येऊ लागणे हे स्वाभाविकच होते. मूल पुस्तक हातात धरी, डोळे अक्षरांवर असत, बोट ओळीवरून सरके, आणि तोंडातून धडा अस्खलित बाहेर पडे. पण मधलाच एखादा शब्द दाखवून हे काय आहे असे विचारले की ते गप्प होई, मनातल्या मनात धड्याच्या आरंभापासून पुटपुटत त्या शब्दापर्यंत येई, आणि मग उत्तर देई. ज्या तपासनिसाला आपले काम कळत होते, तो अशा वेळी शेवटची ओळ आधी वाचावयास लावी, किंवा आपल्या दप्तरातील दुसरेच पुस्तक मुलासमोर उघडून धरी. पण दिवसाकाठी एक शाळा उरकून पुढला मुक्काम गाठावयाचा असे, तेव्हा ही चिकित्सा प्रत्येक मुलाच्या वाट्याला कशी यावी?

या दुखण्याला अधिक चिवट रूप आले ते अनुदानाच्या नव्या नियमांनी. इंग्लंडात १८६२मध्ये रॉबर्ट लो यांनी सुधारित कोड अमलात आणले आणि शाळेला मिळणारे सरकारी अनुदान मुलांच्या वाचन, लेखन व गणित या तीन विषयांतील परीक्षेला जोडून टाकले. सहा इयत्ता ठरल्या. पहिलीच्या मुलाने एकेका अवयवाच्या शब्दांची गोष्ट वाचावी, सहावीच्या मुलाने वर्तमानपत्रातील साधा परिच्छेद वाचावा, आणि जो विषय नापास होईल त्यापुरते दोन शिलिंग आठ पेन्स कापले जावेत. मॅथ्यू आर्नल्ड हा थोर कवी व समीक्षक त्या काळी शाळांचा तपासनीस म्हणून काम करीत होता. या पद्धतीने शाळेतील चैतन्य नाहीसे होते आणि मुलाला खरोखर वाचता न येताही वाचनात पास करून घेणे शक्य होते, असे त्याने आपल्या अहवालांतून वारंवार बजावले. १८६५-६६च्या सुमारास हीच परिणामानुसार अनुदानाची पद्धत मुंबई इलाख्यातील खाजगी शाळांना लागू झाली, आणि हंटर कमिशननेही प्राथमिक शाळांच्या अनुदानाच्या बाबतीत तिचीच शिफारस केली. १९०४मध्ये लॉर्ड कर्झन यांच्या सरकारने शिक्षणविषयक ठराव प्रसिद्ध करून ती सोडून दिली. तोवर चार दशके निघून गेली होती.

या पद्धतीमागील हेतू दुष्ट होता असे म्हणता येणार नाही. सार्वजनिक पैसा जेथे जातो तेथे काही फळ निपजते की नाही हे पाहणे सरकारचे कर्तव्यच आहे. पण वाचनाची परीक्षा ही मुलाची अडचण शोधण्याचे साधन असताना तिला मास्तरांच्या उपजीविकेची कसोटी बनवल्याबरोबर तिचा रोखच बदलला. जे मूल सहज पास होईल त्याच्याकडे मास्तरांनी कमी पाहावे, जे कधीच होणार नाही त्याच्याकडे मुळीच पाहू नये, आणि जे काठावर आहे त्याच्याकडून ठरावीक धडा घोकून घ्यावा, हा मार्ग मास्तरांना परिस्थितीने दाखवला. सर्वांत जास्त मदतीची गरज असलेले मूल, म्हणजे ज्याच्या घरी कोणालाच अक्षरओळख नाही असे कुणब्याचे, महाराचे, मांगाचे मूल, या हिशेबात सर्वांच्या मागे पडले.

आणि वाचता न येण्याची किंमत नेमकी हेच लोक मोजत होते. मे १८७५मध्ये भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा जो उठाव झाला आणि पुढे पुणे-नगर भागात पसरला, त्यात जमावाचा रोख मुख्यतः सावकारांच्या दप्तरांवर होता. कर्जरोखे, खतपत्रे, हिशेबाच्या वह्या बाहेर काढून त्यांची होळी करण्यात आली. त्या रोख्यांवर आपला अंगठा आहे, पण वर काय लिहिले आहे हे आपल्याला ठाऊक नाही, ही जाणीव त्या आगीमागे होती. १८७९च्या दख्खन शेतकरी कायद्याने शेतकऱ्यांचे दस्तऐवज गावच्या रजिस्ट्रारासमोर लिहिले जावेत अशी तजवीज केली, म्हणजे कर्जदाराला मजकूर वाचून समजावून देण्याची जबाबदारी सरकारी माणसाने उचलली. शाळेने जे साधावयास हवे होते ते कायद्याला करावे लागले. ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणाऱ्या फुल्यांनी शाळा-तपासणीबद्दल इतक्या तपशिलाने का लिहिले, याचा उलगडा या पार्श्वभूमीवर होतो. त्यांच्या दृष्टीने वाचन म्हणजे क्रमिक पुस्तकातील धडा नव्हे; सारापावती, कर्जरोखा आणि कोर्टाचा समन्स स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येणे, हे वाचन. ते आले की नाही हे वर्दी देऊन वर्षातून एकदा भरवलेल्या परीक्षेत कळणार नाही, हे त्यांनी ओळखले होते.

इंग्रजीची हकीकत याहून निराळी, पण याच सूत्रात गुंफलेली आहे. शिक्षण मराठीतून द्यावे की इंग्रजीतून, यावर १८४७-४८मध्ये मुंबईच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये जो प्रसिद्ध वाद झाला, त्यात अध्यक्ष अर्स्किन पेरी हे इंग्रजीच्या बाजूने होते, तर जगन्नाथ शंकरशेट आणि त्यांचे हिंदी सहकारी, तसेच स्वतः जर्व्हिस, हे देशभाषेच्या बाजूने. बहुजनांना विद्या द्यावयाची तर ती त्यांच्या भाषेतूनच देता येईल, असे शंकरशेटांचे म्हणणे होते. व्यवहारात तडजोड अशी निघाली की प्राथमिक शिक्षण मराठीतून व्हावे आणि वरचे इंग्रजीतून. १८५७मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, १८५९मध्ये पहिली मॅट्रिक झाली. तिला बसलेल्यांपैकी फार थोडे उत्तीर्ण झाले. त्यांत महादेव गोविंद रानडे होते. पुढे प्रत्येक मराठी मुलाच्या आयुष्यात मॅट्रिकची इंग्रजी ही एक वेस होऊन बसली. मराठी चौथीनंतर पहिली इंग्रजी, दुसरी इंग्रजी असे चढत जावयाचे आणि मॅट्रिकला त्या भाषेतच इतिहास, भूगोल, गणित लिहून दाखवावयाचे. जो मुलगा तेथपर्यंत जाऊ शकत नसे, त्याच्यासाठी व्हर्नाक्युलर फायनल होती. ती पास झाल्यास प्राथमिक शाळेतील शिक्षकाची किंवा गावपातळीवरील लहानशी सरकारी नोकरी मिळण्याची आशा असे.

इंग्रजीतील प्रावीण्य मोजण्याची त्या काळची तऱ्हा म्हणजे भाषांतर, व्याकरण आणि पार्सिंग. परीक्षक एक वाक्य देई; मुलाने त्यातील प्रत्येक शब्दाची जात, लिंग, वचन, काळ, कर्ता-कर्म संबंध सांगावयाचे, मग त्याचे शुद्ध मराठी करावयाचे, आणि मराठी वाक्याचे इंग्रजी. पिढ्यान्‌पिढ्या घरोघर वापरली गेलेली तर्खडकरांची भाषांतर पाठमाला याच पद्धतीचे फळ होय. हिचा गुण असा की मुलाला अर्थ कळला की नाही हे त्याच्याच भाषेत तपासले जाई. रानडे, भांडारकर, विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर यांच्या पिढ्यांनी दोन्ही भाषांत जो अधिकार मिळवला, त्यात या दुहेरी अभ्यासाचा वाटा निश्चित आहे. तिचा अवगुण असा की बोललेली इंग्रजी कानांनी समजणे आणि आपल्या मनातले तिच्यात बोलणे यांना परीक्षेत स्थानच नव्हते; ज्याने शेकडो वाक्यांचे पृथक्करण बिनचूक केले, त्याला साहेबासमोर दोन वाक्ये बोलताना घाम फुटे. आणि ज्यांच्या घरी पूर्वी विद्या नव्हती त्यांच्या मुलांना या परकीय भाषेच्या एका पेपराने नोकरीच्या, कॉलेजच्या आणि मानमरातबाच्या वाटेवर अडवून धरले. इतर सर्व विषयांत हुशार असलेला मुलगा इंग्रजीत गेला म्हणून मॅट्रिक नापास ठरला, ही कथा महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांत सांगितली जाते.

विसाव्या शतकात लक्ष शाळांच्या संख्येकडे वळले. सयाजीराव गायकवाडांनी १८९३मध्ये अमरेलीत आरंभलेले सक्तीचे शिक्षण १९०६मध्ये सर्व बडोदे संस्थानात लागू केले. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११मध्ये आपले विधेयक वरिष्ठ कायदेमंडळात मांडले आणि ते फेटाळले गेले. शाहू महाराजांनी १९१७मध्ये कोल्हापुरात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. शाळेत मूल आणून बसवणे हेच तेव्हाचे मोठे काम होते. परंतु १९२९मध्ये हार्टोग समितीने जेव्हा हिशेब मांडला तेव्हा असे दिसून आले की पहिल्या इयत्तेत बसलेल्या मुलांपैकी एक पंचमांशाहूनही कमी मुले चौथीपर्यंत पोहोचतात. उरलेली वाचनाची गोडी लागण्यापूर्वीच शाळा सोडतात आणि शिकलेली अक्षरे विसरून जातात. याच सुमारास गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी बालशिक्षणाचा जो पाया घातला, आणि ताराबाईंनी व अनुताई वाघ यांनी पुढे बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी मुलांमध्ये जो प्रयोग केला, त्यात मुलाची पारख करण्याची रीतच बदललेली होती. मुलाला तपासनिसासमोर उभे करून पास-नापास ठरवण्याऐवजी, ते काय करते, काय बोलते, कशात रमते याचे रोजचे निरीक्षण करून त्याचे पुढचे पाऊल ठरवावे, असा तो मार्ग होता.

स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने मुंबई राज्यात खालच्या इयत्तांतून इंग्रजी काढून ती आठवीपासून ठेवली. कालांतराने ती पाचवीवर आली, आणि सन २०००मध्ये महाराष्ट्र सरकारने ती थेट पहिलीपासून सुरू केली. मॅट्रिकच्या जागी शालान्त परीक्षा आली, दिपोटींच्या जागी विस्तार अधिकारी आणि केंद्रप्रमुख आले, मोडी शाळांतून लोपली. लेखी चाचण्या आणि तक्ते वाढले, आणि प्रत्येक मुलाचे वाचन कोणी कानांनी ऐकावे ही चाल मात्र हळूहळू मागे पडली.

म्हणून २००५मध्ये ‘प्रथम’ या मुंबईत जन्मलेल्या संस्थेने ‘असर’ या नावाने जी पाहणी सुरू केली, ती मला फार अर्थपूर्ण वाटते. स्वयंसेवक मुलाच्या घरी जातो, त्याच्यासमोर एक कागद ठेवतो. त्यावर काही अक्षरे, काही सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची एक लहान गोष्ट असते. मूल जेथवर वाचू शकते तेथवर त्याची पातळी. इंग्रजीसाठीही काही वर्षी मोठी अक्षरे, लहान अक्षरे, सोपे शब्द, सोपी वाक्ये, आणि वाचलेल्याचा अर्थ आपल्या भाषेत, असा साधा क्रम ठेवण्यात आला. शाळेला वर्दी नाही, पाठ केलेले पुस्तक नाही, निकालावर कोणाचा पगार नाही. १८८२मध्ये फुल्यांनी मागितलेली बेसावध गाठणारी तपासणी सव्वाशे वर्षांनी अशा रीतीने मुलाच्या ओसरीवर येऊन पोहोचली. तिने सांगितलेले सत्य कडू आहे: २०२२च्या पाहणीत देशातील ग्रामीण भागातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकणारी मुले सुमारे ४३ टक्केच निघाली. पण याच संस्थेच्या कामातून मुलांची वयानुसार नव्हे तर वाचनाच्या पातळीनुसार गटवारी करून शिकवण्याची पद्धत पुढे आली, आणि परीक्षेचा निकाल पुन्हा मुलाच्या कामी येऊ लागला.

एवढ्या दीर्घ इतिहासातून माझ्या मते तीन गोष्टी निर्विवाद ठरतात. वाचनाची खरी परीक्षा ही तोंडी, एकेका मुलाची आणि अनोळखी मजकुरावर घेतलेली असावी. तिच्या निकालावर शिक्षकाची उपजीविका किंवा शाळेची प्रतिष्ठा टांगू नये. आणि इंग्रजीची पारख मुलाच्या मातृभाषेच्या वाचनावर उभी करावी, कारण ज्या मुलाला आपल्या भाषेतील गोष्ट वाचून तिचा अर्थ सांगता येत नाही, त्याला इंग्रजीतील वाक्य नुसते उच्चारता आले तरी त्या उच्चाराने त्याचे काहीच भले होत नाही. आज गावोगाव इंग्रजी शाळांच्या पाट्या लागल्या आहेत आणि पालक पोटाला चिमटा घेऊन शुल्क भरीत आहेत. त्यांची आकांक्षा रास्त आहे, आणि तिचा अनादर करण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु प्रत्येक आईबापाला, आणि प्रत्येक शिक्षकाला, एक विनंती करावीशी वाटते. आपल्या मुलाचे गुणपत्रक पाहण्यापूर्वी त्याच्यासमोर त्याने कधी न पाहिलेला मजकूर ठेवा, मग ते वर्तमानपत्र असो, विजेचे बिल असो वा सातबाराचा उतारा असो. त्याला तो वाचू द्या, आणि त्यात काय लिहिले आहे ते त्याच्या शब्दांत विचारा. तो कोठे अडला हे ध्यानात ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी तेथूनच शिकवण्यास आरंभ करा.